कोड वाचता येतो, टेस्ट मात्र कंपनीच्याच लॅपटॉपवर: बाहेरच्या ट्रक मेकॅनिकनं करायचं काय?

एअरब्रेक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी जड ट्रकचं काम करतो, कुठल्याही कंपनीचा अधिकृत वगैरे नाही. स्वतःचं गॅरेज, हाताखाली पोरं. इंजिन, गिअरबॉक्स, हवेची लाईन, वायरिंग, सगळं करतो. प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे. "कुठला स्कॅनर घेऊ" एवढाच असता तर जुने धागे चाळून गप्प बसलो असतो, पण तसं नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

हल्लीच एक गाडी आली. डॅशवर दिवा, पॉवर पडलेली. मल्टीब्रँड स्कॅनर लावला. एसपीएन (बिघाड कुठं) ४३६४, एफएमआय (बिघाड कसा) १८. म्हणजे एससीआर (युरिया फवारून धूर शुद्ध करणारी यंत्रणा) हवं तेवढं काम करत नाहीये, धुरातला नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) पुरेसा कमी होत नाही. जोडीला एसपीएन ५२४६, म्हणजे ड्रायव्हरला जेरीस आणायचा कार्यक्रम सुरू. आधी टॉर्क कमी, आणि दुर्लक्ष केलं की गाडी ताशी २० किलोमीटरवर रांगायला लागते. ही रांगायच्याच अवस्थेत आली होती.

युरिया आधी तपासला. रिफ्रॅक्टोमीटरवर साडेबत्तीस टक्के, चोख. टाकीची जाळी साफ, लाईनला गळती नाही. मग डोझर (एक्झॉस्टमध्ये युरिया फवारणारा भाग) उतरवला. नोझलच्या तोंडावर पांढरा, नखानं न निघणारा थर, आणि एका बाजूचं भोक जवळजवळ बुजलेलं. हा थर कोमट पाण्यात विरघळतो, खरवडायची गरज नसते (खरवडणारे नोझलची वाट लावतात, ते असो). भिजवला, भोकं मोकळी झाली, नवीन गॅस्केट टाकलं.

आता खरी तपासणी अशी असते: डोझर हार्नेसला जोडलेलाच ठेवून मोजायच्या जारमध्ये धरायचा, सॉफ्टवेअरनं पंप चालवायचा आणि ठरलेल्या वेळात किती मिलि पडलं ते बघायचं. फवारा सरळ येतोय की थेंब गळतोय हेही तिथंच कळतं. ही टेस्ट माझ्या स्कॅनरच्या मेनूत आहे. बटण दाबलं की स्क्रीनवर येतं: प्रवेश नाकारला. जुन्या मॉडेलवर हाच स्कॅनर हीच टेस्ट बिनबोभाट करतो.

बरं, टेस्ट राहू दे, गाडी चालवून बघू म्हटलं, तर तिथं दुसरी मेख. सिस्टिम ठीक झाली हे इंजिनला पटायला एक्झॉस्ट तापायला हवा, लोड घेऊन काही काळ गाडी पळायला हवी. आणि गाडी तर वीसच्या वर जात नाही! पॉवर मोकळी करायची कमांड कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये. शेवटी टो करून डीलरकडे. तिथं रांग. नंबर लागल्यावर त्यांच्या माणसानं लॅपटॉप लावला, टेस्ट चालवली, रिसेट मारला, गाडी बाहेर. एक नटसुद्धा फिरवला नाही, कारण फिरवायचं काही शिल्लकच नव्हतं. मालकाला टोइंगचं बिल, डायग्नोसिसचं बिल, वर गाडी उभी राहिली ते वेगळंच. आणि तो मला विचारतो, "तुम्हाला जमलं नाही का?"

कंपनीचं सॉफ्टवेअर मिळतं का म्हणून चौकशी केली. मिळतं. पण बाहेरच्यांना जे देतात त्यात कोड, लाईव्ह डेटा, वायरिंगची चित्रं आणि किरकोळ टेस्ट. इंजेक्टर बदलल्यावर त्याच्या डोक्यावरचा ट्रिम कोड (त्या इंजेक्टरचं नेमकं माप इंजिनला सांगणारा) भरायची सोय नव्या इंजिनांना नाही. नवा कंट्रोलर (इंजिनचा संगणक) बसवला तर प्रोग्रॅमिंग नाही. चोरलेलं, तोडलेलं सॉफ्टवेअर विकणारेही भेटतात, पण तो रस्ता मला नको. दुसऱ्याच्या इंजिनात काय लिहिलं जातंय ते मलाच माहीत नसेल तर उद्या जबाबदारी कोण घेणार?

तर विचारायचं ते हे. ही अडवणूक तांत्रिक आहे की नुसती धंद्याची? कायदा काही म्हणतो का? आणि तुम्ही लोक यातून रोजचं काम कसं काढता?

---

कॅनकाका

एअरब्रेक, तुझा स्कॅनर नालायक नाही, आधी तो राग काढून टाक.

ट्रकमध्ये दोन वेगळ्या बोली चालतात असं समज. एक उघडी, जे१९३९, म्हणजे ट्रकच्या कंट्रोलरांनी आपसात बोलायचं मानक. चालू फॉल्ट डीएम१ मध्ये (डीएम म्हणजे निदानाचा संदेश) येतात, जुने डीएम२ मध्ये. जुने पुसायचे तर डीएम३, चालू पुसायचे तर डीएम११. हे सगळं मानकात छापलेलं आहे, कुठलाही बरा स्कॅनर करतो. फक्त एमिशनचे काही कोड डीएम२८ मध्ये कायमचे बसतात. ते कुठल्याच हत्यारानं पुसले जात नाहीत, इंजिननं स्वतः तपासून खात्री केली की मगच जातात. हे मुद्दाम असं केलंय, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसून लोक मोकळे झाले असते.

दुसरी बोली यूडीएस, आयएसओ १४२२९, म्हणजे स्कॅनरनं कंट्रोलरला कमांड द्यायचं मानक. तुझी डोझिंग टेस्ट इथली. स्कॅनर "३१" मागतो, म्हणजे अमुक एक रुटीन चालव. तुझ्या स्कॅनरचा कच्चा लॉग काढता आला तर बघ, उत्तर बहुतेक "७एफ ३१ ३३" असणार. शेवटचा ३३ म्हणजे सुरक्षा-परवानगी नाही. कंट्रोलरला तुझी कमांड कळलीय, ती चालवायची ताकदही आहे, फक्त आधी कुलूप उघड म्हणतोय. जुन्या मॉडेलांत कुलूप साधं होतं. कंट्रोलर एक आकडा द्यायचा, त्यावर ठरलेलं गणित करून उत्तर द्यायचं. ते गणित मल्टीब्रँडवाल्यांनी हळूहळू शोधून काढलं, म्हणून तुझा स्कॅनर तिथं चालतो. आता उत्तर कंपनीच्या सर्व्हरवरून, तुझ्या लॉगिनवर, त्या गाडीपुरतं येतं. १४२२९ च्या २०२० च्या आवृत्तीत तर प्रमाणपत्रांनी ओळख पटवायची वेगळी सेवाच आली, २९ नंबरची. ते घरी बसून फोडायचं काम नाही.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कुलूप तांत्रिक आहे, पण कुठल्या दाराला लावायचं हा निर्णय कंपनीचा. पंपातून चार थेंब जारमध्ये पाडायला सर्व्हरची परवानगी लागावी, याला मला तरी तांत्रिक कारण दिसत नाही.

आता कामाचं. पुढच्या वेळी डोझर उतरवायच्या आधी दोन्ही नॉक्स सेन्सरचा लाईव्ह डेटा लॉग कर. डोझिंग बंद असताना आणि एक्झॉस्ट गरम असताना पुढचा आणि मागचा आकडा जवळपास जुळला पाहिजे. (आधी साठलेला अमोनिया संपेपर्यंत थांब, नाहीतर मागचा उगाच कमी दिसेल.) जुळत नसेल तर आधी सेन्सरवर संशय घे. आणखी एक, नॉक्स सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यातला फरक कळत नाही. युरिया जास्त पडत असेल तरी मागचा आकडा वर जातो आणि कोड तोच येतो. लोक डोझर बदलत बसतात.

सेन्सर मेला म्हणून फेकायच्या आधी त्याच्या वायरी बघ. सप्लाय, ग्राउंड आणि कॅनच्या (कंट्रोलर आपसात बोलतात त्या लाईनच्या) दोन. बॅटरी स्विच बंद करून स्कॅनर लावायच्या नऊ पिनी कपलरच्या सी आणि डी मध्ये ओहम मोज. दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवं. १२० आलं तर एका बाजूचा गेलाय किंवा वायर तुटलीय. नॉक्स सेन्सर काही वेळा स्वतःच्या वेगळ्या कॅन लाईनवर असतो, तेव्हा आकृती बघून मोज. आणि गाडी थंड असताना सेन्सर काहीच सांगत नाही म्हणून घाबरू नकोस. पाण्याची वाफ उडून जाईपर्यंत इंजिन त्याचा हीटर चालूच करत नाही.

---

शोरूम_सोडलेला

मी बरीच वर्षं डीलरच्या वर्कशॉपमध्ये होतो, आता बाहेर आहे. इथं सगळे कंपनीला शिव्या देतात म्हणून दुसरी बाजू मांडतो. पटली नाही तरी ऐका.

आमच्याकडे अशा गाड्या यायच्या की एससीआर सॉफ्टवेअरमधूनच उडवलेली, टाकीत युरियाऐवजी पाणी, आणि ड्रायव्हर म्हणतो ॲव्हरेज सुधारलं. स्पीड लिमिट वाढवलेली. कमी हॉर्सपॉवरच्या इंजिनात जास्तीची फाईल टाकलेली, पिस्टन वितळला की वॉरंटी मागायला हजर. हे सगळं त्या दुसऱ्या बोलीतूनच होतं, काका म्हणतात त्या. एमिशनची तडजोड झाली तर सरकार आधी बनवणाऱ्याला विचारतं. तेव्हा कॅलिब्रेशन फाईल (इंजिनच्या मूळ सेटिंगची) लिहायचा रस्ता बंद ठेवला, तर मी कंपनीला दोष देणार नाही.

पण फाईल लिहिणं वेगळं आणि टेस्ट चालवणं वेगळं. डोझिंग टेस्ट, उभ्या गाडीवरचं रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं), सिलिंडर कट-आउट (एकेक सिलिंडर बंद करून बघणं), इंजेक्टर ट्रिम, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा भाग इंजिनात परत सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला शून्य शिकवणं, यातून इंजिनची मूळ सेटिंग बदलत नाही. हे दुरुस्तीचं काम आहे. ही दोन कामं एकाच कुलपात घातलीत, दुखणं तिथं आहे. आतल्या लोकांनाही हे कळतं बरं का. नव्या मॉडेलला तर आम्हालासुद्धा काही कमांड मिळत नसत. हेल्पडेस्कला फोन, तिकीट, मग तासभर वाट. फरक एवढाच की आम्ही वाट बघत असलो तरी गाडी आमच्या आवारात असायची.

---

एअरब्रेक

@शोरूम_सोडलेला, एवढं तर मलाही मान्य. मला कुणाची फाईल बदलायची नाही. जारमध्ये मिलि मोजायचेत, बस्स!

@कॅनकाका, लॉग काढला. अगदी तेच, ७एफ ३१ ३३. आता निदान कळलं की नकार कुठून येतोय.

---

कलमदार

कायद्याचं मी बघतो, तो माझा नाद आहे. आधीच सांगतो, हा सल्ला नाही, माहिती आहे.

युरोपात ट्रकसाठी दार तत्त्वतः उघडं आहे. युरो ६ आणणाऱ्या ५९५/२००९ या नियमातच स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना दुरुस्तीची माहिती द्यायचं बंधन होतं. पुढं २०१८/८५८ आला, तो १ सप्टेंबर २०२० पासून लागू, त्यात ट्रक-बसही येतात. त्याचा अर्थ लावताना ५ ऑक्टोबर २०२३ ला युरोपियन न्यायालयानं (खटला सी-२९६/२२) सांगितलं की ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर लावायच्या सॉकेटमधून) गाडीशी बोलायला आधी नोंदणी करा किंवा आमच्या सर्व्हरशी जोडा, अशा नियमात नसलेल्या अटी कंपनीला लादता येणार नाहीत. नुसतं वाचणंच नाही, लिहिण्याचा प्रवेशही त्यात धरला. खटला कारचा होता, पण नियम तोच आहे. त्या कार कंपनीचा बचाव सायबर सुरक्षेचा होता, आणि न्यायालयानं तो ग्राह्य धरला नाही.

हा बचाव आता सगळीकडे ऐकू येईल. संयुक्त राष्ट्रांचा आर१५५ हा नियम जानेवारी २०२१ मध्ये अमलात आला. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला तो पाळावा लागतो, ट्रकलासुद्धा. हॅकिंगचा धोका ओळखा आणि आवरा असं तो म्हणतो. स्वतंत्र मेकॅनिकला बाहेर ठेवा असं त्यात कुठंही नाही. कंपनी "आर१५५ मुळे देता येत नाही" म्हणाली तर कुठल्या कलमामुळे ते लेखी विचारा.

अमेरिकेत चित्र विस्कळीत आहे. मॅसॅच्युसेट्सनं २०१२ मध्ये कौल घेऊन दुरुस्तीचा हक्क आणला, त्याच्या धाकानं कारवाल्यांनी देशभरासाठी समझोता केला. ट्रकचा समझोता २०१५ चा, इंजिन आणि ट्रक बनवणाऱ्यांच्या संघटनेनं सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या संघटनांशी केलेला, २०१० आणि पुढच्या मॉडेलांसाठी. गोम अशी की तो समझोता आहे, कायदा नाही. मोडला तर दंड ठोठावणारं कुणी नाही. कॉपीराइटच्या बाबतीत २०१५ मध्ये मालकाला आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर-कुलूप दुरुस्तीसाठी उघडायची मुभा मिळाली, व्यावसायिक वाहनं धरून. २०१८ मध्ये ती मालकाच्या वतीनं काम करणाऱ्यापर्यंत आली. गंमत बघा, कुलूप उघडायला परवानगी, पण उघडायचं हत्यार बनवून विकायला नाही. म्हणजे प्रत्येक मेकॅनिकनं स्वतःच प्रोग्रॅमर व्हायचं!

ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२२ पासून सक्तीची माहिती-वाटप योजना आणली, ती फक्त कार आणि हलक्या मालगाड्यांसाठी. जड ट्रक बाहेर. भारतात स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला, सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्यांना न देण्याबद्दलच. तोही कारपुरता. जिथं तिथं कारला आधी न्याय, ट्रक रांगेत मागे. ट्रकचा मालक धंदेवाला, तो आपलं आपण बघून घेईल, असं गृहीत धरतात बहुधा.

तुमच्या वीसच्या वेगाबद्दल: अमेरिकेत शेवटचा टप्पा ताशी ५ मैलांचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं हे चटके सौम्य करायला सांगितलं, आणि २०२७ च्या मॉडेलपासून युरिया संपल्यावर पॉवर एकदम पडता कामा नये असं ठरवलं. सॉफ्टवेअर मोकळं करण्याशी याचा थेट संबंध नाही, पण निदान गाडी चालवून बघता येईल.

---

बावीसचाकी

मी मालक. आमच्या गाड्या बाहेरच्या मेकॅनिककडे जातात, म्हणून दोन ओळी.

गाडी घेताना सगळे व्याज, मायलेज, टायर यावर घासाघीस करतात. सॉफ्टवेअरचं कुणी बोलत नाही. सही व्हायच्या आधी विक्रेता काहीही द्यायला तयार असतो, नंतर फोन उचलत नाही. आम्ही मागच्या खरेदीत ताफ्याचं लायसन करारातच लिहून घेतलं. ताफ्याच्या मालकाला मिळणारी पातळी बऱ्याचदा सुट्या गॅरेजला मिळणाऱ्या पातळीपेक्षा वरची असते. लॅपटॉप आमचा, लॉगिन आमचं, हात मेकॅनिकचे. डोझिंग टेस्ट आणि रिजनरेशन त्यात चालतं, प्रोग्रॅमिंग चालत नाही. एअरब्रेकदादा, तुमच्याकडे गाड्या देणारा जो मोठा मालक असेल त्याच्या कानावर घाला. तुम्ही मागितलं तर नाही म्हणतील, दहा गाड्या घेणाऱ्यानं मागितलं तर विचार करतात.

करारात "डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर दिले जाईल" एवढंच लिहून घेऊ नका. त्यात नुसता कोड वाचायचा प्रोग्रॅम देऊन हात झटकतात. कुठल्या टेस्ट, कुठले रिसेट, किती वर्षं, इंटरनेट नसताना चालणार का, हे नावानिशी लिहा.

---

शोरूम_सोडलेला

बावीसचाकींचं बरोबर. त्याला जोडून, सगळंच इंजिनवाल्याकडून घ्यावं लागत नाही. ब्रेकची एबीएस-ईबीएस (इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, यांचे बनवणारे वेगळे असतात आणि त्यांची स्वतःची सॉफ्टवेअर वेगळी मिळतात. वॅबको, ॲलिसन, ईटन यांची आहेत. ट्रेलर आणि गिअरबॉक्सचं बरंचसं काम त्यावर निघतं. मल्टीब्रँडमध्ये जालटेस्ट किंवा टेक्सा घेणार असाल तर ब्रँडचं नाव यादीत आहे एवढ्यावर जाऊ नका. तुमच्याकडे येणारं नेमकं मॉडेल, वर्ष आणि नेमकी टेस्ट सांगा, आणि विकणाऱ्याला तुमच्याच गॅरेजात, तुमच्याच गाडीवर करून दाखवायला लावा. तयार झाला नाही तर समजून जा.

आणि डीलरकडे पाठवायचीच वेळ आली तर गाडीबरोबर कागद द्या. काय तपासलं, काय आकडे आले, काय बदललं, आणि त्यांच्याकडून नेमकी कुठली टेस्ट हवी. आमच्याकडे असा कागद घेऊन गाडी आली की सल्लागाराला पूर्ण डायग्नोसिसचं बिल लावणं अवघड जायचं. कागद नसेल तर सुरुवातीपासून सुरू.

---

एअरब्रेक

सगळ्यांचे आभार. कागदाची पद्धत लगेच सुरू केली. कालच एक गाडी रिजनरेशनसाठी पाठवावी लागली, तिच्यावर लिहून दिलं: फिल्टरच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक, काजळीचा आणि राखेचा लाईव्ह आकडा, टर्बोच्या पाइपची गळती काढलीय, फक्त उभ्यानं रिजनरेशन मारा. डीलरच्या सल्लागारानं तोंड वाकडं केलं म्हणे, पण बिलात फक्त रिजनरेशनच लावलं.

ज्यांच्या गाड्या माझ्याकडे येतात त्यातल्या एका ताफ्याच्या मालकाशी लायसनचं बोलणं काढलंय. तो नव्या गाड्या घ्यायच्या विचारात आहे, त्यामुळं वेळ बरी आहे. बावीसचाकी, करारातला तो परिच्छेद नावं काढून इथं टाकलात तर त्याला तसाच दाखवतो.

एक शेवटचं, काका. लॅपटॉप गाडीला जोडायचा नवा इंटरफेस घेतोय, आरपी१२१० मानकाचा. आताच्या गाड्यांना हिरवं कपलर येतंय, माझ्याकडे निम्म्या गाड्या काळ्या कपलरच्या. केबल दोन घ्याव्या लागतील का?

---

कॅनकाका

नाही. हिरवं म्हणजे टाईप २, ५०० केबीपीएसचं. हिरव्याची केबल काळ्या कपलरमध्येही बसते, काळ्याची हिरव्यात बसत नाही. एकच हिरवी घे. फक्त इंटरफेस २५० आणि ५०० दोन्ही स्पीड आपोआप ओळखतो ना, ते घेण्याआधी विचारून घे.

---

बावीसचाकी

परिच्छेद संध्याकाळी टाकतो. ऑफिसच्या कपाटात आहे.